दुसऱ्या खुर्चीचा दांडा

माझी बायको आणि माझे सासरे या दोघांनी एकाच आठवड्यात, एकमेकांच्या नकळत, मला एकच गोष्ट लपवायला सांगितली. कारणं मात्र दोघांची उलटी होती. अशा वेळी जावयाची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी होते. बोललो तर मेलो, गप्प बसलो तरी मेलो, आणि वर "तुम्ही काय बाहेरचे का?" हे दोन्हीकडून ऐकून घ्यायचं.

मी प्रणय टेंभुर्णे, मूळ भंडाऱ्याचा. राजापूरच्या दक्षिणेला उनपाणे नावाचं गाव आहे. तिथे गरम पाण्याचा झरा पूर्वापार होता. लोक त्यात गुडघे शेकायचे आणि देवाला नारळ ठेवून घरी जायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की वर एवढं कढत पाणी येतं तर खाली चूल केवढी असेल! आता त्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, भूतापाच्या खोल विहिरी आहेत. त्यांच्या वाफेवर टर्बाइन फिरतात आणि अर्ध्या जिल्ह्यातले पंखे चालतात. मी गेलो होतो संगणकाच्या चार महिन्यांच्या कामाला. विहिरी खोदणाऱ्या रिगवरच्या कस्तुरी धुरीशी लग्न झालं आणि मी तिथलाच झालो. कस्तुरी ड्रिलर आहे. तिचे वडील अंकुश धुरी तिच्या आधी त्याच रिगवर ड्रिलर होते आणि त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी समुद्रातल्या तरंगत्या रिगवर घालवली. मूळ मालवणचे. सगळा कॅम्प त्यांना भाई म्हणतो, मीही.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल. त्याचं नाव पडताळा.

रिगवर पाळी संपताना ड्रिलर नोंद लिहितो. किती खोल गेलो, कुठला खडक लागला, कुठे थांबलो, ब्रेकवर कोण होतं. माणूस दमलेला असतो, डोळ्यांसमोर आंघोळ आणि भाताचं ताट असतं. मग नोंद होते, 'ड्रिलिंग चालू, सर्व ठीक.' पंप बिघडून वेळ गेला तर तो जेवणाच्या सुट्टीत जिरवायचा. कुणाची चूक पाळीतल्या पाळीत सावरली गेली तर ती वर जाऊ द्यायची नाही, हा तर रिवाजच. यात कुणाचं वाकडं नव्हतं. पण आता नव्या रिग माणसाशिवाय चालणार होत्या आणि त्या शिकणार होत्या या जुन्या नोंदी वाचून. 'सर्व ठीक' वाचून शिकलेलं यंत्र पहिल्याच विहिरीत तोंडावर आपटलं असतं.

खरं काय घडलं ते एका जागी जपलेलं होतं. विहिरीत सोडलेली पाइपांची माळ दोन-अडीच किलोमीटर लांब असते, अखंड पोलादाची. खाली टोकाला लावलेलं बिट खडक फोडतं तेव्हा त्याचा आवाज त्या पोलादातून वर येतो. कठीण खडकाचा वेगळा, भेगाळलेल्याचा वेगळा. वरून दिलेला ठोका तळाशी जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून माळेची लांबी कळते. ही थरथर, माळेचं वजन, प्रत्येक दांड्याची हालचाल हे सगळं रिगवरचे सेन्सर वर्षानुवर्षं साठवत होते. ते कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्याशी कुणी खोटंही बोललं नव्हतं. पडताळा ते वाचतो. जुनी नोंद शेजारी ठेवतो आणि सांगतो, इथे दुरुस्ती हवी.

एक गोष्ट मात्र त्याला आम्ही शिकवली नव्हती, ती तो आपणच शिकला. हात ओळखणं. शंभर टन वजनाची माळ ब्रेकच्या दांड्यावर तोलून हळूहळू खाली सोडायची, हे ड्रिलरचं मुख्य काम. कुणी सोडताना कचरतं, कुणी धसमुसळं असतं, कुणी मध्येच श्वास घेतल्यासारखं थांबतं. चालीवरून माणूस ओळखावा तसा पडताळा दांड्यावरचा हात ओळखू लागला आणि 'ब्रेकवर कोण' या रकान्यातही दुरुस्त्या सुचवू लागला. डुलकी काढायला गेलेले, मित्राला बसवून फोनवर बोलत उभे राहिलेले, सगळे उघडे पडले. कॅम्पवर त्याचं नाव पडलं चोमड्या. माझ्याकडेही लोक तसंच बघू लागले.

अशात एका रविवारी कस्तुरी मागच्या पडवीत विळीवर तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती. मी जवळ बसून नुसता बघत होतो, कारण भंडाऱ्याच्या माणसाला त्या कामात कुणी हात लावू देत नाही.

"तुझा चोमड्या 'अंकुश'च्या नोंदींवर कधी येणार?" तिने मान वर न करता विचारलं.

उनपाण्याचा रिवाज असा, की ज्याच्या हाती वाफ लागते त्याचं नाव विहिरीला द्यायचं. 'अंकुश' ही भाईंची शेवटची विहीर आणि कॅम्पवरची सगळ्यात जोरकस. तिच्या तोंडाशी पितळी पाटी आहे. भाई रोज संध्याकाळी फिरायला जातात ते त्या पाटीपर्यंत.

"याच आठवड्यात. का?"

तिने विळी बाजूला ठेवली. "ती विहीर भाईंनी नाही केली. मी केली."

मग तिने सांगितलं. त्या मोसमात भाईंच्या उजव्या हातात कंपवात सुरू झाला होता. ड्रिलरच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या असतात, एक ड्रिलरची, एक शिकणाऱ्याची. दोन्हींना ब्रेकचा दांडा असतो. कुठला दांडा जिवंत ठेवायचा हे मधला एक खटका ठरवतो. दुसरा तेव्हा नुसता हलतो, त्याने होत काही नाही. कस्तुरी तेव्हा शिकाऊ होती. भाईंचा हात थरथरायला लागला की ती हळूच खटका आपल्या बाजूला करायची. भाई आपला मेलेला दांडा हलवत राहायचे आणि माळ खरी सोडायची कस्तुरी. मोसमभर हेच चाललं. नोंदीत नाव अर्थातच भाईंचं.

"आणि वाफेच्या दिवशी?"

"त्या दिवशी तर सगळं एकदम झालं. बिट वाफेच्या भेगेत घुसलं आणि माळ हातातून निसटल्यासारखी खाली गेली. मी खटका फिरवला, दांडा धरला आणि अंगातला सगळा जोर लावून मागे खेचला. थांबली. मग वर घेतली, झडपा बंद केल्या." तिचा आवाज खाली आला. "पाटी उतरवतील रे. भाईंना कळलं तर ते मरतील. त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे. तो एक दिवस वगळ ना."

तिला वडिलांची काळजी होती हे खरं. पण मी नवरा आहे, मला तिचा चेहरा वाचता येतो. त्या काळजीखाली एक गोड अभिमानही होता, कुणाला न दाखवता जपलेला. आणि त्यात काय चुकलं? पुढच्याच पंधरवड्यात तिची नवी विहीर भेगेपर्यंत पोचणार होती, 'अंकुश'पेक्षा खोल आणि जास्त गरम. मी भीतभीत विचारलं तर म्हणाली, "भीती कसली? तेव्हा थांबवली, तशीच आताही थांबवीन."

दुसऱ्या दिवशी भाई ऑफिसात आले. काठी टेकत, घामाघूम, हातात कोकमाच्या सरबताची बाटली. सासरे स्वतः सरबत घेऊन जावयाकडे येतात तेव्हा जावयाने सावध व्हावं.

"जावयबापू, ता मशीन माझ्या विहिरीर इला काय?"

"येतंय, भाई."

"वाफेच्या दिवसाचा तेवढा बघू नकात. चेडवाक, कस्तुरीक, कळाक नको."

"काय कळायला नको?"

ते खुर्चीवर बसले. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "अख्खो मोसम ती खटको फिरवी. तिका वाटा, भाईक कळणा नाय. अहो, दांडो जितो की मेलेलो, ह्या माझ्या हाताक कळाचा नाय? कळा. पण माझो हात खराच चाळवलो होतो आणि चेडू शिका होता. म्हटलंय, शिकांदे. पण त्या दिवशी माळ सुटली तेव्हा तिना फिरवलेलो खटको मी डाव्या हातान परत माझ्याकडे घेतलंय. ती आपली थय मेलेलो दांडो ओढता. माळ मी धरलंय."

"आणि तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?"

"कित्याक सांगू? त्या दिवसापासून तिची भीती गेली. आदी रडान घरी येय, त्या दिवशी हसत इली. आपण भाईची अब्रू राखलंय असा तिका वाटता. वाटांदे. माझा काय जाता?"

मला हसू आवरेना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्याकडे दोन्ही बाजूंना विहीरच होती आणि तीही तीच. वडिलांचं नाव जाऊ नये म्हणून मुलगी म्हणत होती तो दिवस झाक. मुलीची उमेद जाऊ नये म्हणून वडील म्हणत होते तो दिवस झाक. आणि नोंद तर मुळात खरीच होती, ब्रेकवर अंकुश धुरी! तिथे पडताळा काही दुरुस्ती सुचवणारच नव्हता. मोसमातल्या बाकीच्या दिवसांवर कस्तुरीचं नाव येईल, भाईंना ते ठाऊकच आहे, पाटी जागच्या जागी राहील. दोघांचंही ऐकणारा असा आज्ञाधारक जावई कोकणात दुसरा झाला नसेल, असं मनात म्हणत मी तो दिवस उघडला, नुसता बंद करून टाकण्यासाठी.

पडद्यावर दोन रेघा होत्या.

मेलेला दांडा ब्रेक ओढत नसला तरी तो किती हलला हे सेन्सर टिपतोच. एक रेघ भाईंची. कंप औषधालाही नव्हता. कंपवाताचा हात स्वस्थ असताना थरथरतो, कामात गुंतला की बऱ्याचदा स्थिर होतो. माळ सुटली तशी ती रेघ थोडी सैल झाली, मग घट्ट, मग पुन्हा सैल, पुन्हा घट्ट, आणि मग सावकाश वर. तरंगत्या रिगवर लाटेबरोबर सगळी रिगच वर-खाली होते, तिथे शिकलेला हात जमिनीवरही लाट धरूनच चालत होता.

दुसरी रेघ कस्तुरीची. सरळ उभी, भिंतीसारखी. एकच हिसका.

निसटलेली शंभर टनांची माळ हिसक्याने थांबवली तर पोलादावर कितीतरी पट ताण येतो. मी पडताळ्याला विचारलं, त्या दिवशी हा दुसरा दांडा जिवंत असता तर? तो असं गणित करू शकतो. त्याने केलं. माळ वरच्या सांध्यात तुटली, तुटलेलं टोक रिगच्या फलाटावर, काम करणाऱ्या माणसांत आलं, आणि खालून येणाऱ्या वाफेला अडवायला कुणी उरलं नाही.

तेव्हा थांबवली, तशीच आताही थांबवीन, असं ती म्हणाली होती. पुढच्या पंधरवड्यात. आणि या वेळी तिचा दांडा जिवंत असणार होता.

सांगितलं तर तिची हिंमत जाईल, ती ऐन वाफेच्या तोंडावर. न सांगितलं तर तीच जाईल. मला माझी बायको हवी होती, हसत किंवा रडत, कशीही. मी टॅब्लेट उचलला आणि थेट भाईंकडे गेलो.

ते पडवीत बसले होते. मी दोन्ही रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला.

"ही माझी. आणि ही कोणाची? कोण असो हिसको मारता?"

"कस्तुरी. मेलेला दांडा."

"मी बघूकच नाय," ते म्हणाले. "माझी नजर वजनाच्या काट्यार होती. माका वाटला, माझा चेडू, बरोबरच केल्यान असतला. आणि मी तिका तसाच सोडलंय." ते काठीला हात घालत उठले. "चला. आता चला."

दुपारची जेवणाची सुट्टी होती. कस्तुरी केबिनमध्ये एकटीच डबा खात होती. वडिलांना जिना चढताना पाहून ती धावली. भाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"कस्तुरी, त्या दिवशी वाफ मी धरलंय. तू नाय."

ती हसली. लहान मुलाच्या गोष्टीला हुंकार द्यावा तशी. "होय भाई. तुमीच धरलास. नाय कोण म्हणता?"

किती वर्षं ती हे अशाच आवाजात म्हणत आली असेल, ते मला तेव्हा कळलं. मी टॅब्लेट तिच्या डब्याशेजारी ठेवला. तिने आधी नुसता बघितला. मग जवळ ओढला. ड्रिलरला रेघ वाचायला शिकवावी लागत नाही.

"म्हणजे इतकी वर्सा तुमी माका येडा बनवलास?"

"आणि तू? अख्खो मोसम माका मेलेलो दांडो धरून बसवलंस तां?"

एरवी मी हसलो असतो. ती उठली, जिना उतरून बाहेर सड्यावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. भाई जायला निघाले, मी त्यांना धरून बसवलं. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"माळ तुटली असती?" तिने मला विचारलं.

"हो."

"फलाटावर तेव्हा चौघं होते."

"हो."

ती खुर्चीत बसली, स्वतःच्या तळहाताकडे बघत. "मला वाटायचं, या हातात काहीतरी आहे," ती म्हणाली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण वडिलांसमोर आमच्यात तसं चालत नाही. मी नुसता तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग ती भाईंकडे वळली.

"शिकवा."

केबिनमध्ये बसून लाट शिकवता येत नाही, असं भाईंचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की ते तिला खाडीच्या तोंडाशी घेऊन जायचे. ओळखीच्या माणसाची होडी, दोरीला बांधलेला एक जड धोंडा. धोंडा तळाला नुसता टेकलेला ठेवायचा. होडी लाटेवर चढली की दोरी द्यायची, उतरली की घ्यायची. धोंडा उचलला गेला तर चूक, दोरी सैल पडली तर चूक. होडीत मीही असायचो, बहुतेक वेळ ओकत. भाई तिच्या हातावर आपला हात ठेवायचे, आणि दोरी चालू झाली की तो हात शांत व्हायचा.

"हिसको नको गो! ती जाता तर थोडी जांदे. धर. जांदे. आता धर."

पहिले काही दिवस ती चिडायची, दोरी फेकून द्यायची. एकदा म्हणाली, "मला आता भीती वाटते, भाई. आधी वाटत नव्हती." भाई म्हणाले, "माका रोज वाटा." ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांनी तिला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

'अंकुश'च्या मोसमाच्या सगळ्या दुरुस्त्या तिने स्वतः मंजूर केल्या. आमच्या प्रमुख लोबो मॅडमनी विचारलं, नव्या विहिरीवर दुसऱ्या कुणाला बसवू का? कस्तुरी म्हणाली, मीच बसेन, पण दुसऱ्या खुर्चीत भाई हवेत. निवृत्त माणसाला परवानगी काढायला मॅडमना बरेच फोन करावे लागले. पाळीवर निघताना कस्तुरीने भाईंना एकच अट घातली. "खटक्याक हात लावूचो नाय. काय झाला तरी."

"नाय लावचंय."

"देवाची शपथ?"

"नाय गो लावचंय!"

वाफेच्या दिवशी सकाळी मला नियमाप्रमाणे लांबच्या कंट्रोल रूममध्ये थांबावं लागलं. समोर पडदे होते, पण मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मी खिडकीतून रिगकडे बघत होतो. आधी इंजिनाचा आवाज बदलला. मग जमिनीत खोल कुठेतरी कुणी दार लोटावं तसं झालं आणि पायाखालचा कातळ हलला. माळेचा कर्कश आवाज आला, थांबला, आला, थांबला. मग बाजूच्या नळातून पांढरी वाफ सुटली, ताडमाड, सरळ वर, आणि फलाटावरचे लोक ओरडले. ते ओरडणं आनंदाचं आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मी धावत सुटलो. मी पोचलो तेव्हा कस्तुरी जिना उतरून खाली उभी होती, हेल्मेट हातात, चेहरा पांढराफटक. मागून भाई एकेक पायरी उतरत होते. ती त्यांच्याकडे वळली.

"भाई, खटको फिरवलास?"

"नाय."

"खरा सांगा. मी आता काय ता मनाक लावून घेवचंय नाय. फिरवलास?"

"अगो नाय! तू शपथ घातलंस म्हणान दोनव हात मांडयेखाली घालून बसलंय. बघ, बधिर झाले." त्यांनी हात पुढे केले. मनगटांपर्यंत खुर्चीच्या कडेचे वळ उठले होते.

तिने वळ बघितले, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मान हलवली. "तुमचा काय खरा? प्रणय, तू बघ."

मी टॅब्लेट उघडला. खटका सकाळपासून हलला नव्हता. दुसऱ्या खुर्चीच्या दांड्याची रेघ सपाट होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि कस्तुरीची रेघ थोडी सैल, मग घट्ट, मग सैल, मग घट्ट, मग सावकाश वर.

"तूच," मी म्हणालो. "पूर्ण तूच होतीस."

ती तिथेच कातळावर मटकन बसली आणि मोठ्याने रडायला लागली. फलाटावरचे लोक वरून बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं. भाईंना खाली बसता येईना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही बधिर हात ठेवले आणि तसेच उभे राहिले.

"परत सांग," ती मला म्हणाली.

मी परत सांगितलं.